आधी माणसं मोज, मग हॉल बघ

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी 26 वर्षांची आहे, घणसोलीत राहते, ऐरोलीत आयटीमध्ये नोकरी करते. ॲनिमे, कॉमिक्स आणि विज्ञानकथा आवडणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. गेल्या वर्षी आम्ही ठाण्यात छोटा हॉल घेऊन अर्ध्या दिवसाचं कॉन, म्हणजे चाहत्यांचं संमेलन, केलं. 50 जण येतील असं वाटलं होतं, आले 130. सगळे खूश होते. मी मात्र पूर्ण वेळ दारात उभी होते, आत काय झालं ते नंतर फोटोत पाहिलं. 14 व्हॉलंटियर ठरले होते, त्यातले पाच आलेच नाहीत. दोघं आले, पण कॉस्प्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून, फोटो काढून घेत फिरले. पैसे सगळे एका मित्राच्या जीपेवर जमा झाले. हिशेब विचारला की म्हणतो, 'करतो गं'. एक माणूस कॉस्प्ले केलेल्या एका मुलीच्या मागे मागे फोटो काढत होता, असं थोडंफार झालं.

आता ग्रुपला वाशीत दोन दिवसांचं मोठं कॉन करायचंय. 600 माणसं, बाहेरगावाहून एक व्हॉइस आर्टिस्ट, स्टॉल, खेळ, कॉस्प्ले स्पर्धा असं सगळं. 20 जणांनी नावं दिलीत. हॉलचं डिपॉझिट तोच मित्र क्रेडिट कार्डावर भरायला तयार आहे. काही जण म्हणतात, सरळ एखाद्या इव्हेंट कंपनीला देऊन टाकू. आई म्हणते, हे फुकटचे उद्योग बंद कर. मला करायचंय, पण गेल्या वर्षीसारखं नाही. काय करू?

ताईंचं उत्तर

अगं, तुझ्या पत्रात इतके आकडे आहेत आणि त्यातला महत्त्वाचा तेवढा तू जाता जाता लिहिलायस. 14 ठरले, पाच आले नाहीत, दोघं आले ते न आल्यासारखे. राहिले सात. म्हणजे नाव देणाऱ्यांपैकी निम्मी माणसं कामाला मिळतात हे तुला गेल्या वर्षीच कळलंय. या वर्षी 20 नावं आहेत, म्हणजे दहा माणसं धर. त्या दहा जणांवर 600 जणांचं दोन दिवसांचं संमेलन उभं करायचं म्हणतेस.

मी जन्मभर बँकेत होते, त्यामुळे कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन दिवस, रोज दहा तास. नोंदणीच्या टेबलाशी तीन जण, प्रवेशदाराशी दोन, मुख्य सभागृहात मंच आणि ध्वनी मिळून तीन, खेळांच्या खोलीत दोन, स्टॉलकडे दोन, कपडे बदलायच्या खोलीशी एक, पाहुण्यांबरोबर एक आणि कुठेही पळता यावं म्हणून मोकळे दोन. एका वेळी 16 माणसं झाली. 16 गुणिले 20 तास म्हणजे 320 तासांचं काम. फुकट काम करणाऱ्या माणसाकडून दिवसाला चार तासांहून जास्त मागू नये असं माझं मत आहे. दोन दिवसांचे आठ तास झाले. 320 भागिले आठ म्हणजे 40 माणसं, आणि तुमच्या ग्रुपच्या हजेरीचा अनुभव धरला तर 80 नावं हवीत. यात आदल्या रात्री खुर्च्या मांडणं आणि शेवटी बॅनर उतरवणं धरलेलंच नाही.

आता उलटं कर. खात्रीची दहा माणसं, प्रत्येकाचे पाच तास, म्हणजे 50 तास. 11 ते 6 असा सात तासांचा एकच दिवस ठेवलास, तर एका वेळी सात जण उभे राहतात. नोंदणी दोन, दार एक, सभागृह दोन, खेळ आणि स्टॉल मिळून एक, मोकळा एक. एवढ्यात एक मोठं सभागृह, शेजारची एक खोली आणि दोनेकशे माणसं नीट सांभाळता येतात. हे तुझं यंदाचं कॉन.

हिरमुसू नकोस. न्यूयॉर्कला 1939 साली पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथेच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन, झालं तेव्हा साधारण 200 माणसं होती. सान डिएगोच्या ज्या कॉमिक-कॉनचे फोटो तुम्ही लोक एकमेकांना पाठवत असता, त्याच्या मंडळींनी 1970 च्या मार्चमध्ये आधी एका दिवसाचं छोटं संमेलन घेतलं, मोठ्यासाठी पैसे आणि माणसं जमावीत म्हणून. मग ऑगस्टमध्ये तीन दिवसांचं केलं, त्यालाही 300 च्या आसपास लोक आले. तोक्योचं कॉमिकेट, म्हणजे हौशी कॉमिक्सवाल्यांचा बाजार, 21 डिसेंबर 1975 ला सुरू झालं तेव्हा स्वतःची मासिकं विकणारे 32 गट होते आणि आले होते सुमारे 700 लोक. आज तिथे वर्षातून दोनदा लाखांनी गर्दी होते आणि अजूनही ते व्हॉलंटियरच चालवतात.

कॉमिकेटची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे 'ग्राहक' हा शब्द नाही. स्टॉल लावणारा, विकत घेणारा आणि रांगा लावणारा कार्यकर्ता, तिघंही 'सहभागी'च. वर्ल्डकॉनमध्येही नुसतं तिकीट नसतं, सदस्यत्व असतं, आणि दोन वर्षांनंतरचं संमेलन कोणत्या शहरात व्हायचं यावर ते सदस्य मत देतात. शब्दांचा खेळ वाटेल, पण तिकीट काढलेला माणूस एसी बंद पडला की पैसे परत मागतो आणि सदस्य खिडकी उघडायला उठतो. (सगळेच उठत नाहीत. आमच्या सोसायटीच्या गणपतीतही आरतीला शंभर आणि सतरंज्या उचलायला चौघंच असतात.) तुझ्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घाल: 'मी एक तास मदत करू शकेन, या वेळेत.' 200 तल्या 20 जणांनी जरी खूण केली तरी तुला 20 तास जास्तीचे मिळाले.

आता पैसे. तुझ्या मित्राने पैसे खाल्ले असतील असं मला वाटत नाही. खाणारे मी कमी पाहिलेत, न लिहिणारे रग्गड. पण सहा महिने झाले की न लिहिणाऱ्यालाच आठवत नाही, आणि मग तो चिडायला लागतो. ग्रुपवर विचारू नकोस. 'रविवारी वही घेऊन येते, तू जीपे उघड, दोघं मिळून उतरवून काढू,' एवढं म्हण आणि खरंच जा. पोहे खाऊन दोन तासांत होईल. जे निघेल ते ग्रुपवर टाका, कमी-जास्त असलं तरी.

या वर्षी मात्र त्याच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. त्यात त्याचंही भलं आहे, उद्या प्राप्तिकरवाल्यांना एवढे पैसे कुठून आले हे त्यालाच सांगावं लागेल. सात जण मिळून 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची नोंद 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही होते आणि काम धर्मादाय कार्यालयात असतं. एक-दोन वर्षं टिकणार असाल तर तो खटाटोप करा. तोवर ग्रुपचा लेखी ठराव आणि ग्रुपच्या नावाचं पॅन घेऊन बँकेत जा, नोंदणी नसलेल्या मंडळालाही खातं मिळू शकतं. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं लिहून घ्या. आणि खात्याचा उतारा दर शनिवारी ग्रुपवर.

क्रेडिट कार्डावर डिपॉझिट अजिबात नको. एका माणसाच्या कर्जावर उभं राहिलेलं कॉन त्याचं होतं, तुमचं राहत नाही. तुम्ही 20 जण आहात. प्रत्येकी हजार रुपये काढा, बुडाले तरी कुणाचं जेवण तुटणार नाही इतकेच. ज्यांना हजार जड आहेत त्यांचे दोघातिघांनी मिळून भरा आणि त्याची वाच्यता करू नका. त्या 20 हजारांत जे मिळेल तेच पहिलं बुकिंग. पुढचा प्रत्येक खर्च नोंदणीचे पैसे खात्यात आल्यावर. वर्ल्डकॉनमध्ये समितीतली माणसंसुद्धा आपलं सदस्यत्व विकत घेतात. संमेलन पार पडून पैसे उरले तर मग परत मिळतात. उरलेल्या पैशांचंही ठरलेलं आहे, निदान निम्मे पुढच्या संमेलनांना द्यायचे असा तिथला रिवाज. तुम्हीही उरलेल्याचं आत्ताच ठरवा. तोट्यावरून लोक रडतात, नफ्यावरून भांडतात.

तो व्हॉइस आर्टिस्ट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2014 साली चाहत्यांनीच भरवलेल्या एका कॉनची गोष्ट सांगते. पहिल्याच रात्री हॉटेलचे पैसे भरायचे राहिलेत म्हणून आयोजकांनी जमलेल्या पोरांकडेच 17 हजार डॉलर मागितले. पोरांनी दिलेही! जमिनीवर बसून, हात वर करून, नोटा जमवून दिले. पुढे जाहीर केलेले कलाकार प्रयोग न करताच परतले, आणि नाराज झालेल्या लोकांना भरपाई म्हणून रंगीत चेंडूंच्या छोट्या हौदात जास्तीचा एक तास खेळायची मुभा देण्यात आली. जग अजून हसतंय त्या हौदाला. मला हसू येत नाही. ते आयोजक तुमच्यासारखेच चाहते होते, लबाड नसावेत. 'लोक येतील, मग पैसे येतील' एवढ्यावर विसंबले होते. पाहुण्याचं जाणं-येणं, राहणं, जेवण आणि मानधन खात्यात असल्याशिवाय त्याचं नाव पोस्टरवर जाऊ देऊ नकोस. यंदा तर बाहेरगावचा पाहुणाच नको. ठाणे ते पनवेल पट्ट्यात डबिंग करणारे, चित्रं काढणारे, कॉमिक्स भाषांतरित करणारे लोक राहतात. त्यांना ट्रान्स-हार्बर लोकलचं परतीचं तिकीट आणि पोटभर जेवण दिलंस तर ते आनंदाने दोन तास बोलतील.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं त्याकडे येते. 'असं थोडंफार झालं', असं एका ओळीत उरकलंयस तू. एक माणूस एका मुलीच्या मागे फिरून तिचे फोटो काढत होता, आणि दारात उभी असलेल्या तुला ते नंतर कळलं. त्या मुलीने त्या वेळी कुणाला सांगायचं होतं? तिला माहीत नव्हतं, कारण तुम्हालाच माहीत नव्हतं. ती या वर्षी येणार आहे का, हे विचारलंस? नसेल विचारलं तर आज विचार. त्याच्याबरोबर गेल्या वर्षाबद्दल माफीही माग.

मग पुढची व्यवस्था. जगभरच्या बऱ्याच कॉनमध्ये दाराशीच पाटी असते की वेशभूषा केली म्हणजे फोटोची परवानगी दिली असं नाही, आधी विचारा. ती पाटी मराठीत, मोठ्या अक्षरांत लाव. तक्रार घेणारी दोन माणसं नेम, त्यातली एक बाई, दोघांच्या अंगात वेगळ्या रंगाचं जाकीट, त्यांचे नंबर प्रत्येक बॅजच्या मागे. या दोघांना दुसरं कुठलंही काम नको. एखाद्याला बाहेर काढायचा अधिकार त्यांचा आहे हे आधी लिहून ठेव, कारण वेळ येते तेव्हा तो माणूस हमखास कुणाचा तरी मित्र निघतो. तुमच्याकडे नववी-दहावीतली मुलंही येतात. 18 च्या आतल्या मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक स्वरूपाचं काही वावगं घडलं आणि तुम्हाला कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 'ग्रुपमध्ये मिटवलं' हाच गुन्हा ठरतो. लहान मुलांसाठी पालकाची लेखी संमती घे, आणि कपडे बदलायच्या खोलीत फोन न्यायचे नाहीत.

वर सात जागा सांगितल्या, त्यात हे दोघं धरलेले नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. माणसं मिळाली नाहीत तर खेळांची खोली रद्द कर. यांना नको.

व्हॉलंटियर का पळतात, याचं उत्तर तू स्वतःच दिलंयस, तुला आतलं काही बघायलाच मिळालं नाही. 2010 च्या डिसेंबरात ठाण्यात 84 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी तीन दिवस एका टेबलाशी बसले होते. चूक माझीच, कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण एक परिसंवाद धड ऐकला नाही आणि घरी येऊन रडले. तेव्हापासून नियम केला: कामाची पाळी लावताना प्रत्येकाला आधी विचारायचं, तुला कुठला कार्यक्रम चुकवायचा नाही? तेवढा वेळ त्याच्या नावापुढे रिकामा. तुझी ती कॉस्प्लेवाली दोघं कामचुकार नाहीत गं. त्यांना स्पर्धेआधी दोन तास द्या, त्यानंतर ती दारात उभी राहतील, वेशासकट.

माझा भाचा 2019 मध्ये डब्लिनच्या वर्ल्डकॉनला गेला होता. तिकडे 'पाच-दोन-एक' म्हणतात: रोज किमान पाच तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. आंघोळीचा नियम करावा लागतो यावरून काय ते समज. पण त्यातली दोन जेवणं आयोजकांच्या डोक्यात हवीत. कार्यकर्त्यांना वेळेवर वडापाव-चहा आणि दुपारी नीट जेवण, पाहुण्यांच्या आधी. ब्रिटनमधल्या कॉनमध्ये पळापळ करणाऱ्यांना कामाच्या तासांप्रमाणे छापील कुपनं देतात, ती खाण्याच्या काउंटरवर किंवा स्टॉलवर चालतात. तुमचे चित्रकार ती कुपनं सुंदर करतील. आणि सगळं आवरल्यावर थकलेल्यांची जी शेवटची बैठक असते तिला तिकडे 'डेड डॉग पार्टी' म्हणतात. तुम्ही तलावपाळीवर मिसळ खा, पण त्याच रात्री, सगळ्यांनी.

तू स्वतः त्या दिवशी कुठल्याही टेबलाशी बसायचं नाहीस. प्रमुखाने मोकळं असावं लागतं.

हॉलचं बघ. साखरपुडे-लग्नांमुळे मुहूर्ताच्या तारखांना भाडं आणि मिजास दोन्ही वर असतात. पितृपक्षात किंवा अधिक महिन्यात हॉल ओस असतात, तुमच्या त्या राक्षस मारणाऱ्या हिरोंना पितृपक्ष चालत असेल तर तेव्हाच घ्या. घासाघीसही होते. रविवार धरणार असाल तर मेगाब्लॉक लक्षात ठेव, ट्रान्स-हार्बर बंद असली तर ठाण्याची मंडळी वाशीला तासभर उशिरा येणार. मला विचारशील तर शनिवार. ग्रुप मोठा होईपर्यंत सिडकोच्या प्रदर्शन केंद्राकडे नुसतं बघायचं.

तलवारी-बंदुकांचं आठवणीने. पोलीस आयुक्तालयं वरचेवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश काढतात, त्यात तलवारी, भाले, काठ्या बाळगायला बंदी असते, आणि फोमची तलवार लांबून फोमची दिसत नाही. लोकलमधून येताना सगळं पिशवीत, हॉलमध्ये आल्यावर जोडायचं. दाराशी एकाने प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघायचं आणि रंगीत फीत बांधायची. धातूचं असेल तर आत नाही, कितीही गोड चेहरा केला तरी. घरी सबस्क्रिप्शन आहे म्हणून हॉलमध्ये मालिकेचे भाग दाखवता येत नाहीत, आणि स्पर्धेला गाणी वाजवायची तर त्याचा परवाना लागतो. हॉलवाल्याला आधी विचार, त्यांना रोजचं असतं हे.

इव्हेंट कंपनीला देऊ नका. त्यांना 600 माणसंच लागतील, त्यांचं पोट त्यावर आहे. मात्र हौशी म्हणजे संडासही आपणच धुवायचे असं नाही. सफाई, ध्वनी आणि दाराशी एक सुरक्षारक्षक, एवढी तीन कामं पैसे देऊन कर. ती केल्यामुळे नोंदणी शंभर रुपयांनी महागली तरी चालेल.

आणि आई. तिला समजावू नकोस, कामाला लाव. ज्या बाईने घरात एक लग्न पार पाडलंय तिला पाहुणे, रांग, जेवण आणि रुसलेला मामा यांतलं तुमच्या सगळ्या कोअर टीमपेक्षा जास्त कळतं. दुपारच्या जेवणाचा अंदाज तिच्याकडून घे. 'किती माणसांना किती भात?' एवढंच विचार, पुढचं ती करेल.

तारीख ठरली की कळव. मी नौपाड्यात राहते, फुकट पास नको, नोंदणी करूनच येईन. टेबलावर 11 ते 1 माझं नाव लिही. दीड वाजता मात्र मला त्या खेळांच्या खोलीत सोड, म्हणजे ती राहिली असेल तर.